एक दिवस, दोन किल्ले: पेणचा सांकशी आणि रोह्याचा अवचितगड

मागच्या रविवारी आम्ही चौघं दोन बाइकवर निघालो. सकाळी पेणजवळचा सांकशी, दुपारी रोह्याचा अवचितगड. 'रायगड सोडून हे कुठले किल्ले?' मागे बसलेला मित्र दर दहा मिनिटांनी विचारत होता. त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

सांकशीवर फारसं काही उभं नाही. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि पायथ्याशी बद्रुद्दीन यांचा दर्गा, म्हणून किल्ल्याला बद्रुद्दीनचा किल्लाही म्हणतात. पण १५४० च्या सुमाराची गोष्ट ऐका. सांकशी आणि कर्नाळा तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे होते. ते अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने घेतले. गुजरातवाल्यांनी वसईच्या पोर्तुगिजांना बोलावून परत मिळवले, पण राखायची हिंमत होईना, म्हणून पोर्तुगिजांच्याच हवाली केले. निजामशहाची फौज पुन्हा आली, तिने आजूबाजूचा मुलूख उजाड केला. मग पोर्तुगिजांनी हिशोब मांडला. किल्ले सांभाळणं परवडत नव्हतं! वर्षाला ५,००० सोन्याचे परदाव (परदाव म्हणजे त्यांच्याकडचं नाणं) घ्यायचं ठरवून दोन्ही किल्ले निजामशहाला देऊन टाकले.

'आणि ज्यांची शेतं गेली, त्यांना काय मिळालं?' टाक्यापाशी भाकरी खाताना मित्राने विचारलं. आम्ही सगळे गप्प.

वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोचलो. अवचितगडाची मेढ्याकडची वाट दाट झाडीतून चढते, घामटं काढते. वर तोफा आहेत, शरभाचं शिल्प आहे, बारा कोनी तलाव आहे. बुरुजावरून खाली कुंडलिका आणि भातशेती दिसते. रेवदंड्याच्या खाडीतून माल रोहा-अष्टमीपर्यंत यायचा, त्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही.

दक्षिणेच्या बुरुजावर एक शिलालेख आहे. त्यात तारीख आहे: शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे १७९६ चा गुढीपाडवा. आता गंमत बघा. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेले, मूलबाळ नव्हतं. चिमाजी आप्पाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली ती पाडव्यानंतर. म्हणजे त्या पाडव्याला पुण्याची गादी रिकामी होती, वारस कोण यावर कारस्थानं चालली होती, आणि इथे रोह्याच्या डोंगरावर कुणीतरी मुहूर्त साधून दगडावर श्रीगणेशाचं नाव कोरत होतं. बावीस वर्षांनी, १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने गड घेतला.

अक्षरं झिजलीत. एकाने वाचण्यासाठी खिशातून खडू काढला, त्याला तिथेच थांबवलं. खडू, पावडर, पाणी, काही लावू नका, दगड खराब होतो. त्याऐवजी मोबाइलचा टॉर्च अगदी बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा. सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात.

मागे बसणाऱ्यानेच टॉर्च धरला. 'श्री' दिसल्यावर जे ओरडलाय, ते या भागाच्या सुरुवातीला तुम्ही ऐकलंच असेल.