रंगीत मायका : थोडा इतिहास

आपल्या शिवणवर्गासाठी दोन नवी टेबले करायची ठरली, तेव्हा त्यांवर कोणता मायका लावावा यावरून बैठकीत बरीच चर्चा झाली. काही भगिनींचे म्हणणे, सागवानासारखा दिसणारा लावावा, म्हणजे टेबल भारदस्त वाटेल. काहींना पिवळा किंवा हिरवा हवा होता. "रंगीत लावला तर हॉटेलातल्यासारखे दिसेल," असेही कोणी म्हणाले. मी त्या दिवशी गप्प बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मी सुताराची मुलगी, आणि माझी लेक गृहसजावटीचा अभ्यासक्रम शिकते. तिने पुस्तकांतून वाचून दाखवलेले आणि मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले, असे दोन्ही मिळून येथे लिहिते.

मायका म्हणजे खरे तर अभ्रक. पण आपल्या टेबलावरच्या मायकात अभ्रकाचा कणही नसतो. मग हे नाव का पडले? विजेच्या यंत्रांत प्रवाह भलतीकडे जाऊ नये म्हणून पूर्वी अभ्रक वापरीत. १९१२ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाऊस कंपनीत नोकरीस असलेले डॅनियल ओ'कॉनर यांनी कृत्रिम राळेत भिजवलेल्या थरांचा एक टणक पदार्थ तयार केला. तो अभ्रकाच्या जागी चालू शके. पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांचे सहकारी हर्बर्ट फेबर यांनी सिनसिनाटी शहरी स्वतःचा कारखाना काढला. 'फॉर मायका', म्हणजे अभ्रकाऐवजी, म्हणून मालाचे नाव 'फॉर्मायका'. आपल्याकडे 'सनमायका' हे एका मालाचे नाव सर्वांच्या तोंडी बसले, आणि सुतारांनी त्याचा नुसता 'मायका' केला.

हा पत्रा मुळात कागदच असतो. खाकी कागदाचे अनेक थर राळेत भिजवून एकावर एक ठेवतात, वर रंगीत किंवा नक्षीचा कागद घालतात, आणि १२० अंशांहून अधिक उष्णतेत प्रचंड दाबाखाली ते एकजीव करतात. मायकाच्या कडेला जी काळपट रेघ दिसते, ती या खाकी थरांची.

जुनी राळ गडद रंगाची, त्यामुळे पहिला माल काळा-तपकिरीच असे. १९२७ च्या सुमारास तो गडदपणा झाकणारा कागद मधे घालून वर लाकडाची व संगमरवराची छपाई करता येऊ लागली. म्हणजे जो पदार्थ अभ्रकाच्या जागी आला, तो आता लाकडाचे सोंग घेऊ लागला. १९३० नंतरच्या दशकात मेलामाइनची राळ आली. ती पारदर्शक, टणक आणि उष्णता सोसणारी. त्यामुळे फिके, उजळ, हवे ते रंग शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपातली स्वयंपाकघरे व उपाहारगृहे लाल, पिवळ्या, निळ्या मायकाने भरून गेली. एका फडक्याने पुसले की टेबल स्वच्छ! घासूनपुसून हात दुखलेल्या बायकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण त्याची पायरी ठरलेली होती. स्वयंपाकघरात चालेल, बैठकीच्या खोलीत नको. ही पायरी ज्यांनी मोडली त्यांत इटलीचे एत्तोरे सोत्सास हे प्रमुख. १९६१ साली ते हिंदुस्थानात येऊन गेले होते. १९६६ च्या सुमारास त्यांनी रंगीत पट्ट्यांच्या मायकाची मोठी कपाटे आखली. पुढे १९८१ साली मिलान शहरात त्यांनी व तरुण सहकाऱ्यांनी 'मेम्फिस' या नावाने फर्निचरचे प्रदर्शन भरवले. त्यात त्यांचे 'कार्लटन' नावाचे पुस्तकांचे मांडणीवजा कपाट होते. तिरप्या फळ्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि सगळे मायकाने मढवलेले. कोणी हसले, कोणी वाखाणले. आज ते कपाट मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. या मंडळींत नाताली द्यु पास्किये ही फ्रेंच तरुणी होती. तिने कापडांच्या व मायकाच्या ठसठशीत नक्षी काढल्या. ती बरेचसे आपले आपणच शिकलेली. लेकीने हे वाचले तेव्हा मी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

आमचे अण्णा सांगलीला सुतारकाम करीत. सागवान महाग झाले, प्लायवूड आले, आणि रंधा कोपऱ्यात पडून राहू लागला. गिऱ्हाईक सागवानाच्या छापाचा मायका आणून देई व म्हणे, "अगदी खऱ्यासारखे दिसले पाहिजे." अण्णा काम चोख करीत, पण त्या दिवशी घरी फारसे बोलत नसत. १९९२ साली माझी शाळा सुटली आणि मी शिवण शिकू लागले. तेव्हा त्यांनी उरलेल्या लाल, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांचे मला एक टेबल करून दिले, गोधडीसारखे. कडेला सागवानाची खरी पट्टी बसवली आणि ती मात्र दोन दिवस घासली. म्हणाले, "हे टेबल कुणाला फसवत नाही बघ." अण्णा आता नाहीत. टेबल आहे, आणि अजून त्याची एकही कड उचकटलेली नाही.

म्हणून भगिनींनो, माझे मत लिहून देते. टेबलांना फिकट पिवळा, बिनचमकेचा मायका घ्यावा. लाकडाच्या छापाच्या रेघांत पडलेली सुई सापडत नाही. साध्या रंगावर सुई आणि दोरा चटकन दिसतो. वाचतील ते पैसे आतल्या चांगल्या प्लायवूडला आणि कडेच्या पट्टीला लावावेत, कारण पाणी शिरते ते कडेनेच. आणि हॉटेलातल्यासारखे दिसले तर दिसू दे. तेथेही माणसे चार घटका सुखाने बसतातच की!