सदोष दुरुस्ती

आपल्या खिशातील फोन अधूनमधून आपल्याला विचारतो: नवी आवृत्ती आली आहे, बसवू का? आपण बहुधा 'नंतर' असे सांगून वेळ मारून नेतो. कारण शेजाऱ्याने ती बसविली आणि त्याचा फोन दिवसभर मुका झाला, हे आपल्या कानावर आलेले असते. जुन्या आवृत्तीत दोष आहेत हे खरे. पण नवी तरी निर्दोष कोठे आहे? हा प्रश्न घरगुती वाटला तरी त्याला इतिहास आहे. ५ फेब्रुवारी १९७१ रोजी तो चंद्राभोवती फिरणाऱ्या दोन माणसांपुढे उभा राहिला, आणि तेथे 'नंतर' म्हणण्याची सोय नव्हती.

ती माणसे म्हणजे अपोलो-१४ मोहिमेचे प्रमुख ॲलन शेपर्ड आणि त्यांचे सहकारी एडगर मिचेल. चंद्रावर उतरावयाचे त्यांचे यान 'अँटारेस' मुख्य यानापासून सुटे झाले होते. आदल्या वर्षी अपोलो-१३ चंद्रावर न उतरताच परतले होते. हेही तसेच परतले असते, तर पुढच्या मोहिमांवर त्याचा काय परिणाम झाला असता, हे सांगावयास नकोच.

उतरण्यास थोडे तास उरले असता संगणक दाखवू लागला की, 'मोहीम सोडून परत फिरा' या अर्थाचे बटन दाबलेले आहे. वस्तुतः त्याला कोणी बोटही लावलेले नव्हते. बटनाशेजारी टकटक केली तेव्हा ती खूण नाहीशी झाली. काही वेळाने पुन्हा उमटली. बिघडलेल्या रेडिओवर आपण थाप मारतो, त्यातलाच हा प्रकार! बटनाच्या आत डाखाचा एखादा सुटा कण हिंडत असावा, असा तर्क बांधण्यात आला. एरवी ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. परंतु एकदा उतरण्याचे इंजिन पेटले की संगणक दर पाव सेकंदाला ते बटन पाहत असे, आणि ते दाबलेले दिसताच उतरणे थांबवून यान पुन्हा वर नेत असे. म्हणजे एका धातूच्या कणाच्या हाती सारी मोहीम गेली होती.

मग आज्ञावलीच का बदलू नये? येथे त्या यंत्राची घडण लक्षात घेतली पाहिजे. त्या संगणकाची आज्ञावली सुमारे ३६ हजार शब्दांची होती, आणि ती अक्षरशः विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथील कारखान्यात स्त्रिया तांब्याची तार चुंबकीय कड्यांतून ओवीत: तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. विणून झालेल्या पैठणीतला मोर जसा पुढे बदलता येत नाही, तशी ही आज्ञावलीही बदलता येत नसे. पुसून पुन्हा लिहिता येईल अशी जागा होती ती अवघ्या २,०४८ शब्दांची. जी काही दुरुस्ती करावयाची, ती त्या चिमुकल्या पाटीवर.

ती दुरुस्ती डॉन आयल्स या २७ वर्षांच्या तरुणाने केंब्रिजच्या ड्रेपर प्रयोगशाळेत रात्रीच्या वेळी बसविली. 'बटनाकडे लक्ष द्या' अशी एक खूण आज्ञावलीत होती. ती पुसली की काम भागत होते. पण इंजिन पेटताना संगणक ती स्वतःच मांडीत असे, आणि माणसाचे बोट तेथे पोहोचेपर्यंत घात व्हावयाचा. म्हणून आयल्स यांनी युक्ती काढली ती अशी: परत फिरण्याचा कार्यक्रम, क्रमांक ७१, आधीच चालू आहे असे संगणकाच्या नोंदीत लिहून ठेवावे. जो परत फिरलाच आहे, त्याला पुन्हा फिरविण्याच्या भानगडीत ती तपासणी पडत नसे. सरळ भाषेत सांगावयाचे तर, यंत्राशी खोटे बोलावयाचे.

आणि खोट्याची किंमत मोजावी लागतेच. या दुरुस्तीमुळे इंजिन पेटल्यावर २६ सेकंदांनी आपोआप मिळणारा पूर्ण जोर मिळेनासा झाला. तो शेपर्ड यांनी हाताने द्यावयाचा होता. मार्गदर्शनही आपोआप सुरू होणार नव्हते. ते मिचेल यांनी कळा दाबून सुरू करावयाचे, मग ती खूण पुसावयाची, मग नोंद पूर्ववत् करावयाची. याहून मोठा दोष निराळाच होता. खोटे संकेत बंद करताना खरे संकेतही बंद झाले. प्राणावर बेतले तरी ते बटन आता काम देणार नव्हते. परतीचा कार्यक्रम कळफलकावर आकडे दाबून मागवावा लागला असता.

दुरुस्ती बसविण्याचे ठरले. माझ्या मते हा निर्णय धाडसाचा कमी आणि हिशेबाचा अधिक होता. मूळ दोष केव्हा उपटेल याचा नेम नव्हता. दुरुस्तीचे दोष मात्र मोजलेले होते, कोणत्या क्षणी कोणाच्या हाताने ते निभवावयाचे हे ठरलेले होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने ते लपविले नव्हते. ही शेवटची गोष्ट आजच्या विक्रेत्यांच्या वर्तनाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

इंजिन पेटले. शेपर्ड यांनी जोर दिला, मिचेल यांनी कळा दाबल्या, सर्व यथाक्रम झाले. पुढे मात्र उंची सांगणारे रडार चंद्राची जमीन पकडीना. १० हजार फुटांपर्यंत ते लागले नाही तर उतरणे सोडावे, असा दंडक होता. आणि सोडावयाचे तर ते निकामी केलेले बटन! रडारची विद्युत्कळ बंद करून पुन्हा चालू करण्यात आली, आणि ती मर्यादा येण्यापूर्वीच रडारने जमीन पकडली. फ्रा मॉरोच्या टेकाडांत, ठरलेल्या जागेच्या अगदी जवळ, 'अँटारेस' उतरले.

त्यानंतरच्या मोहिमांसाठी आज्ञावली विणताना, अशा बटनांकडे दुर्लक्ष करण्याची सोय तिच्यातच ठेवण्यात आली.