शब्दांची ओळख : 'अ‍ॅब्स्कॉन्ड'



आठ-नऊ वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडताना माझा आणि कंपनीचा नोटीस पीरियडवरून वाद झाला. पंधरा दिवसांनी घरी रजिस्टर पत्र आले. त्यात माझ्या नावापुढे 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' असे छापले होते. आईने शब्दकोश काढून अर्थ पाहिला आणि घाबरून फोन केला, "अरे, फरार म्हणजे? तू केलंस तरी काय?" वाद पुढे मिटला, पण तो शब्द काही डोक्यातून गेला नाही. दुबईत आल्यावर कळले की इथे तो नुसता बोचरा शब्द नाही, त्याने माणसाचा व्हिसाही अडकतो. म्हणून ही ओळख.

शब्दाचे मूळ

लॅटिनमध्ये 'अ‍ॅब्स्कॉन्डेरे' म्हणजे लपवून ठेवणे. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकात आले. एकेकाळी 'वस्तू लपवणे' असाही त्याचा वापर होता, तो आता गेला. भिंतीवरच्या दिव्याला इंग्रजीत 'स्कॉन्स' म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. मूळ अर्थ झाकलेला कंदील!

अर्थ आणि वापर

नुसते निघून जाणे म्हणजे अ‍ॅब्स्कॉन्ड नव्हे. कायदा, कर्ज किंवा जबाबदारी चुकवण्यासाठी गुपचूप निघून जाणे असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे जाणाऱ्याच्या मनात खोट आहे, हा आरोप शब्दातच बसलेला असतो. व्याकरणाने हे अकर्मक क्रियापद. कोठडीतून निसटला तर 'फ्रॉम' आणि पैसे घेऊन पळाला तर 'विथ' लागते. 'ही वॉज अ‍ॅब्स्कॉन्डेड' हे चूक. 'आरोपी इज अ‍ॅब्स्कॉन्डिंग' ही मात्र खास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांची सवय. तिला आधार आपल्या कायद्याच्या भाषेचा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ८२ फरार व्यक्तीविरुद्धच्या उद्घोषणेचे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम ८४ झाले. आयटी कंपन्यांनी हाच फौजदारी शब्द राजीनाम्याच्या वादात आणून बसवला.

मराठीत काय म्हणाल?

आपल्याकडे छटा भरपूर. 'पसार होणे' बातमीतले, 'पोबारा करणे' सोंगट्यांच्या डावातून आलेले, 'गाशा गुंडाळणे' जरा थट्टेचे. 'फरार' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे आपण ज्यांच्या देशात राहतो त्यांचीच ही देणगी! इथे अरबीत मात्र या प्रकाराला 'हुरूब' म्हणतात. आणखी एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा, 'परागंदा'. दुष्काळाने किंवा कर्जाने घरदार सोडावे लागलेला माणूस परागंदा होतो. 'फरार' माणसाला दोष देतो, 'परागंदा' परिस्थितीला.

अमिरातीतला अर्थ

इथे कामगार सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला आणि त्याचा ठावठिकाणा लागत नसेल, तर मालक मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करतो. बोलीभाषेत तिलाच 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग लागले' म्हणतात. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यात (२०२१ चा ३३ क्रमांकाचा) भाषा जरा सौम्य झाली, 'काम सोडून जाणे'. परिणाम मात्र सौम्य नाही. बेकायदा काम सोडल्याचे ठरले तर काही अपवाद वगळता एक वर्ष नवे वर्क परमिट मिळत नाही.

पगार थकला म्हणून कंटाळून कॅम्प सोडणारा माणूस स्वतःच्या नजरेत परागंदा असतो, कागदावर मात्र तो फरार होतो. हा फरक वेळीच कळला तर पुढचे बरेच टळते.

म्हणून एवढे करा

- नोकरी सोडायची तर लेखी नोटीस द्या. करारानुसार ती ३० ते ९० दिवसांची असते. पोच जपून ठेवा.
- आजारपणात ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपने कळवा आणि डॉक्टरांचा दाखला ठेवा. ठावठिकाणा माहीत होता याचा तोच पुरावा.
- मालकाने करार मोडला तर आधी मंत्रालयाला कळवा. त्यानंतर १४ कामाच्या दिवसांत सुधारणा झाली नाही, तर नोटीस न देता सोडण्याचा हक्क कायदा देतो. न सांगता निघून गेलात तर हा हक्क हातचा जातो.
- पगाराच्या बँक नोंदी जपा. २००९ पासूनच्या वेतन संरक्षण पद्धतीमुळे थकबाकी दाखवता येते.
- खोटी तक्रार झाली तर गप्प बसू नका, मंत्रालयाकडे हरकत घ्या. दूरध्वनी ६००५९००००. भारतीयांसाठीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२.

घरकामगारांसाठी वेगळा कायदा आहे आणि डीआयएफसीसारख्या क्षेत्रांचे नियमही वेगळे आहेत, तेव्हा आपापला करार तपासून पाहावा.

आपल्या बिल्डिंगमधला वॉचमन, ओळखीचा सुतार, गावाकडून आलेला एखादा पोरगा, यांच्यापर्यंत हे पान पोहोचणार नाही. तुम्ही वाचलेत, तर त्यांना मराठीत किंवा हिंदीत दोन मिनिटे समजावून सांगा.