लव्ह इन ॲक्शन

समलिंगी व्यक्तींचा लैंगिक कल प्रार्थना व धर्मोपदेश यांच्या साहाय्याने पालटू पाहणारी अमेरिकेतील एक ख्रिस्ती संस्था. फ्रँक वर्दन, केंट फिलपॉट व जॉन एव्हन्स यांनी ती १९७३ मध्ये सॅन राफेल (कॅलिफोर्निया) येथे स्थापन केली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या सूचीतून वगळली, तीही याच वर्षी. एका मित्राच्या आत्महत्येनंतर एव्हन्स संस्थेपासून दूर झाले व तिचे कडवे टीकाकार बनले. १९९४ मध्ये संस्थेचे स्थलांतर मेम्फिस (टेनेसी) येथे झाले. तेथे किशोरवयीनांसाठी ‘रेफ्यूज’ म्हणजे आश्रय हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. नाव आश्रयाचे असले, तरी तेथे स्वेच्छेने आलेली मुले थोडीच; पुष्कळांना आईवडिलांनीच धाडलेले असे. पेहराव, संगीत, मित्रांशी संपर्क या सर्वांवर कडक निर्बंध होते. २००५ मध्ये दाखल होऊ घातलेल्या एका मुलाने ही नियमावली महाजालावर उघड केली, तेव्हा संस्थेसमोर निदर्शने झाली. २००७ मध्ये हा कार्यक्रम बंद पडला. दीर्घकाळ संचालक असलेले जॉन स्मिड यांनी २००८ मध्ये पद सोडले व पुढे जाहीर माफी मागितली. कल खरोखर पालटलेला एकही समलिंगी पुरुष आपणास कधी भेटला नाही, असे त्यांनी २०११ मध्ये लिहिले. अल्पवयीनांवरील अशा उपचारांना कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायद्याने बंदी घातली. मात्र ती परवानाधारक उपचारकांपुरती होती, धर्मोपदेशक तिच्या कक्षेत आले नाहीत.