अम्लपित्तावरील औषधें : खारापासून गोळीपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याजवळील वरवट बकाल येथें काय किंवा पुण्यामुंबईस काय, तिखट जेवणानंतर छातींत जळजळूं लागलें कीं चिमूटभर सोडा पाण्यांत घालून पिण्याचा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस हें गांव आहे, त्याच्याच दक्षिण भागांत लोणारचें सरोवर आहे. उल्कापातानें झालेल्या ह्या विवरांतील पाणी क्षारयुक्त. तें आटलें म्हणजे कांठावर खार सांचे, आणि तो गोळा करून विकण्याचा धंदा तेथें पूर्वीं चालत असे. ‘ऐन-इ-अकबरी’तहि ह्या परिसरांत कांच व साबण यांस लागणारी द्रव्यें मिळतात, अशी नोंद आहे. घरोघरचा सोडा ह्याच कुळांतला.

आपल्या वैद्यांस अम्लपित्त जुनें ठाऊक. काश्यपसंहितेंत आणि माधवनिदानांत त्याचें वर्णन आहे. शंखभस्म हें त्यावरील प्रसिद्ध औषध, आणि शंख म्हणजे रसायनदृष्ट्या चुनखडीच होय. जठरांतील आम्ल हायड्रोक्लोरिक आहे, हें मात्र विल्यम प्राउट यांनीं इंग्लंडांत १८२४ सालीं दाखविलें.

सोडा काय, शंखभस्म काय, स्रवलेलें आम्ल मारीत. झरा वाहताच राही. जठरव्रणाच्या रोग्यास कित्येकदां जठराचा भाग कापून घ्यावा लागे, आणि व्रण फुटला तर प्रसंग प्राणावर बेते. जेम्स ब्लॅक यांनीं निराळा विचार केला. हिस्टामीन नांवाचें द्रव्य जठराच्या पेशींना आम्ल स्रवण्याची आज्ञा देतें; ती आज्ञाच अडवावी! त्यांतून निघालेलें सिमेटिडीन १९७६ सालीं ब्रिटनमध्यें विक्रीस आलें. १९८८ सालीं स्वीडनमध्यें आलेल्या ओमेप्राझोलनें तर आम्ल बाहेर टाकणारा पेशींतील पंपच बंद केला. शस्त्रक्रिया पुष्कळच कमी झाल्या. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या कृतीवर हक्क मान्य केला, प्रत्यक्ष औषधावर नव्हे; त्यामुळें देशी कारखान्यांना हीं औषधें वेगळ्या कृतीनें स्वस्तांत करतां आलीं.

गोळी थांबली कीं व्रण पुनः उठे, हें कोडें राहिलेंच. पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं बहुतेक व्रणांमागें एक जंतु असल्याचें दाखविलें. जाणते लोक हंसले, तेव्हां मार्शल यांनीं १९८४ सालीं तो जंतु स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां ह्या जंतूवर सुमारें दोन आठवडे जंतुनाशकें देतात. त्यांच्या जोडीस आम्ल कमी करणारी गोळीहि असते, कारण आम्ल उतरलें म्हणजे जंतुनाशकांचा गुण अधिक येतो.