एक नाणं, अनेक नगरं: अकियन संघाची चांदी

मागच्या वेळी आपण अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांपाशी थांबलो होतो. आजचं नाणं त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. वजन अडीच ग्रॅमच्याही आत. हे अर्धा द्राख्मा, म्हणजेच तीन ओबोल. (आपला ‘दाम’ शब्द याच द्राख्मातून आलाय बरं का: द्राख्मा, द्रम्म, दाम.)

दर्शनी बाजूला झ्यूसचं मस्तक. मागे पानांच्या वेटोळ्यात ग्रीक आल्फा आणि खी ही दोन अक्षरं एकात एक गुंफलेली, म्हणजे ‘अकियन’. पण त्या अक्षरांच्या आजूबाजूला नीट बघा. तिथे बारीक खुणा आहेत. पंखांचा घोडा दिसला की कॉरिंथ, डॉल्फिन दिसला की पात्रास, दोन टोप्या दिसल्या की स्पार्टा. म्हणजे छाप सगळ्या संघाची, टांकसाळ मात्र ज्या त्या नगराची!

हा संघ इ.स.पू. २८० मध्ये चार नगरांनी पुन्हा उभा केला. इ.स.पू. २५१ मध्ये अरेटसने सिक्यॉन त्यात आणलं, २४३ मध्ये कॉरिंथ आलं आणि पुढे जवळजवळ सगळा पेलोपोनीज. पॉलिबिअस अभिमानाने सांगतो की इथे कायदे एक, वजनंमापं एक, नाणी एक. सगळ्यांभोवती एकच तटबंदी तेवढी नाही, नाहीतर हे एकच नगर झालं असतं. पुढे १७८७ मध्ये अमेरिकेत नव्या राज्यघटनेची बाजू मांडणाऱ्या ‘फेडरलिस्ट’ लेखांतही हाच दाखला आला.

आता अडचण अशी की पॉलिबिअस त्रयस्थ नव्हे. तो मेगालोपोलिसचा, वडील लायकोर्टास संघाचे सेनापती झालेले. घरचंच कार्य म्हणा ना! त्यामुळे त्याचं म्हणणं नाण्यांवर तपासून घ्यायला हवं.

आणि इथेच वाद आहे. मार्गारेट थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये अग्रिनिऑनला सापडलेल्या नाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघाची ही चांदी इ.स.पू. १४६ पूर्वीची, असा त्यांचा हिशेब. १४६ हे साधं साल नाही. त्या वर्षी रोमने संघ मोडला, कॉरिंथ जाळलं. पण १९९७ मध्ये क्रिस्टोफ बोरिंगर यांनी मांडलं की यातली बरीच नाणी त्या पराभवानंतरची आहेत. अशक्य नाही, रोमने काही वर्षांनी हे संघ पुन्हा चालू होऊ दिले, असं पॉसेनिअस लिहितो.

माझा कल बोरिंगर यांच्याकडे आहे. पण मग बघा, काय होतं! ज्या नाण्याला आपण स्वतंत्र नगरांच्या एकोप्याची खूण म्हणतो, त्यातला मोठा भाग जिंकलेल्या प्रदेशात पाडलेला ठरतो. तो कोणासाठी? कदाचित रोमन फौजेच्याच खर्चासाठी. झ्यूस तोच, अक्षरं तीच, चांदीचं गिऱ्हाईक मात्र बदललं.

तांब्याची नाणी आणखी वेगळं सांगतात. त्यांच्यावर नुसती खूण नाही, नगराचं पूर्ण नाव आहे. ती पुढच्या वेळी बघू.