हवेतले पाणी

पावसाळ्याच्या दिवसांत गार पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की थोड्याच वेळात त्याला बाहेरून घाम फुटतो. हे पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. ते खोलीतल्या हवेतले असते. हवा उष्ण असली की तिच्यात पुष्कळ वाफ मावते, गार झाली की थोडी मावते, आणि उरलेली वाफ थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातल्या एखाद्या दमट दिवशी एका घनमीटर हवेत सुमारे 25 ग्रॅम पाणी अदृश्य रूपाने वावरत असते. त्याचा आपल्याला उपद्रव होतो तो फार तर अंगाची चिकचिक होण्यापुरता.

पण हीच हवा कॉम्प्रेसरने दाबू लागलो की हिशेब पालटतो. सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे; दाबताना हवा तापते. ती दाबलेली हवा पुन्हा गार झाली की मुळातल्या 300 घनमीटरांचे आकारमान जेमतेम एक घनमीटर उरते. त्या एका घनमीटरात फक्त एका घनमीटराच्या वाट्याचे पाणी वाफ होऊन राहू शकते. बाकीचे सुमारे साडेसात किलो पाणी, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली, नळ्यांत आणि टाक्यांत साचते. पुढे ही हवा झडपेतून एकदम मोकळी सोडली की ती फुगते आणि फुगता फुगता इतकी थंड होते, की तिच्याबरोबर आलेला ओलावा जागच्या जागी गोठतो. दाबताना तापणे, निवताना पाझरणे आणि सुटताना गोठणे हा दाबलेल्या हवेचा स्वभावच आहे. माणसाने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तिच्याकडून पुष्कळ कामे करून घेतली. परंतु हा स्वभाव त्याला नीट उमगला तो फार सावकाश, आणि एकदा तर फार मोठी किंमत मोजून.

आल्प्स पर्वताखालून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा माँ सेनीचा बोगदा 1857 साली खणायला घेतला, तेव्हा सुरुवातीला सारे काम हातांनी चालले होते. 1861 पासून जर्मां सोमेये या अभियंत्याने दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे तेथे आणली. बोगद्याच्या पोटात वाफेचे इंजिन नेले असते तर धुराने माणसे गुदमरली असती. हवेचे यंत्र मात्र काम करून वर श्वासालाही हवा देत असे. 1871 च्या सप्टेंबरात बोगदा खुला झाला. सोमेये त्याआधी दोनच महिने निवर्तला होता. पाठोपाठ 1872 साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉटहार्ड बोगद्याचे काम सुरू झाले. तेथील कॉम्प्रेसर कोलादाँ या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाच्या योजनेचे होते. हवा दाबताना तापू नये म्हणून त्यांच्या सिलिंडरातच पाण्याचा फवारा सोडलेला असे. म्हणजे जे पाणी पुढे हवेतून काढून टाकण्यासाठी माणसाने इतका खटाटोप केला, ते त्या काळी तो आपण होऊन हवेत घालीत होता! अर्थात त्या वेळचे दाब वातावरणाच्या सहा-सात पटींच्या आसपासचे. त्यामुळे हवा बाहेर सोडण्याची तोंडे बर्फाने बुजली तर काम थांबे, बर्फ फोडून ते पुन्हा सुरू करता येई. तक्रार होती, संकट नव्हते.

पॅरिस शहराने तर दाबलेली हवा घरोघर खेळवली. व्हिक्टर पॉप याने 1880 साली तेथली सार्वजनिक घड्याळे हवेच्या ठोक्यांवर चालवण्यास प्रारंभ केला. पुढे जमिनीखालच्या नळ्यांतून कारखान्यांची लहान यंत्रेही या हवेवर फिरू लागली. त्या यंत्रांशेजारी एक छोटीशी शेगडी ठेवीत आणि हवा यंत्रात शिरण्यापूर्वी तिच्यावर तापवून घेत. त्यामुळे काम अधिक मिळे आणि यंत्राच्या तोंडाशी बर्फही धरत नसे. हा उपाय नामी होता, पण तो जमिनीवरचा. जेथे शेगडी पेटवण्याची सोय नाही आणि बर्फ फोडायला सवड नाही, अशा जागी हवेतले पाणी काय करील, हा प्रश्न अजून कोणाला पडला नव्हता.

अशी जागा म्हणजे पाणबुडी. पाणबुडी बुडते ती आपल्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन, आणि त्या टाक्यांतले पाणी दाबलेल्या हवेने बाहेर ढकलले की ती वर येते. ही युक्ती जुनीच आहे. पाणबुडी जितकी खोल जाणार, तितका बाहेरच्या पाण्याचा रेटा मोठा. म्हणून हवाही तितक्याच जास्त दाबाची लागते. अमेरिकेच्या आरमाराने 1961 च्या ऑगस्टात सेवेत घेतलेल्या 'थ्रेशर' या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीत ती चौरस इंचाला 4,500 पौंड, म्हणजे वातावरणाच्या सुमारे 300 पट दाबाने साठवलेली होती. पोर्ट्‌समथच्या गोदीत बांधलेली ही पाणबुडी त्या काळची सर्वांत प्रगत गणली जाई.

त्याच गोदीत दीर्घ दुरुस्ती आटोपून 'थ्रेशर' 9 एप्रिल 1963 रोजी चाचणीसाठी निघाली. तिच्यावर 129 माणसे होती. त्यांतली 17 आरमाराबाहेरची, म्हणजे गोदीतले कामगार व तंत्रज्ञ. दुसऱ्या दिवशी सकाळी केप कॉडच्या पूर्वेस सुमारे 220 मैलांवर ती 1,300 फुटांच्या चाचणी-खोलीकडे उतरू लागली. वर 'स्कायलार्क' हे सोबतीचे जहाज पाण्याखालच्या टेलिफोनवर कान लावून होते. सव्वानऊच्या सुमारास खालून निरोप आला: किरकोळ अडचण आहे, नाक वर आहे, टाक्या रिकाम्या करण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यानंतर काही अस्पष्ट शब्द, आणि मग धातूचे कवच चेपत गेल्याचा आवाज. तेथे समुद्राची खोली 8,400 फूट आहे. कोणीही वाचले नाही.

चौकशी न्यायालयाच्या मते इंजिनाच्या खोलीतला खाऱ्या पाण्याच्या नळीचा एखादा सांधा बहुधा फुटला असावा, उडालेल्या पाण्याने विजेची उपकरणे बिघडली असावीत आणि अणुभट्टी बंद पडून पाणबुडीची गती गेली असावी. दुरुस्तीच्या वेळी चांदीच्या डाकाने जोडलेले 145 सांधे ध्वनिलहरींनी तपासले होते आणि त्यांतले 14 टक्के कमी प्रतीचे निघाले होते. बाकीचे कित्येक सांधे तपासायचेच राहिले. पहिला बिघाड नेमका कोणता याविषयी जाणकारांत आजही दुमत आहे. पण गती गेल्यावर शेवटचा आधार होता तो दाबलेल्या हवेचा, आणि तोही का तुटला हे मात्र गोदीतच उघड झाले.

'थ्रेशर'ची बहीण शोभावी अशी 'टिनोसा' ही पाणबुडी त्या वेळी पोर्ट्‌समथलाच बांधली जात होती. धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत तिच्या टाक्यांत हवा सोडून पाहिली. सुमारे अर्ध्या मिनिटात हवेचा ओघ अडला. दाब उतरवणाऱ्या झडपांना कचरा लागू नये म्हणून त्यांच्या अलीकडे बारीक जाळीच्या गाळण्या बसवल्या होत्या. हवेतला ओलावा त्या जाळ्यांवर गोठला आणि त्याच्या बर्फाने जाळ्या बुजून गेल्या. यंत्राच्या रक्षणासाठी बसवलेल्या गाळणीने माणसांची वाट अडवली होती. उथळ पाण्यात क्षणभर हवा सोडली तर टाकी रिकामी व्हायला फारशी हवा लागत नाही, आणि बर्फ धरायला अवधीही मिळत नाही. खोल पाण्यातून जीव घेऊन वर यायचे, तेव्हाच हवा भरपूर आणि सलग लागते. म्हणजे ही खोट नेमकी त्याच घटकेची वाट पाहत दबून राहिली होती.

पुढे पाणबुड्यांतल्या उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरांना हवा कोरडी करणारी यंत्रे जोडण्यात आली. आरंभ 'टिनोसा'पासूनच झाला. 1963 च्या डिसेंबरात अमेरिकन आरमाराने 'सबसेफ' ही व्यवस्था सुरू केली. खाऱ्या पाण्याला अडवणारा आणि पाणबुडीला वर आणणारा प्रत्येक भाग कोणी घडवला, कोणी बसवला, कोणी तपासला, याची कागदोपत्री साखळी तिच्यात अखंड ठेवावी लागते. या व्यवस्थेचे प्रमाणपत्र मिळालेली एकही पाणबुडी त्यानंतर गमावलेली नाही. 1968 साली बुडालेल्या 'स्कॉर्पियन'ला ते मिळालेले नव्हते.

हवा कोरडी करण्याची साधने मात्र 'थ्रेशर'च्या आधीपासून माणसाच्या हाती होती. ओलावा शोषून घेणाऱ्या सिलिका जेलचे पेटंट अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक याने 1919 साली घेतले. त्याहून चिवटपणे पाणी धरणारी, सूक्ष्म छिद्रांची रेणुचाळणी 1950 नंतरच्या दशकात बाजारात आली. आज पाणबुड्यांच्या हवेला, तसेच पाणबुड्यांच्या, म्हणजे समुद्रतळाशी उतरणाऱ्या माणसांच्या, पाठीवरच्या नळकांड्यांनाही हीच साधने लागतात. दाबाच्या प्रत्येक टप्प्यानंतर हवा गार करून पाणी वेगळे करायचे, ते तळाच्या तोटीतून वेळच्या वेळी सोडून द्यायचे, आणि शेवटी उरलेला दमटपणा शोषकाच्या नळकांड्यात टिपायचा, असा हा क्रम आहे. श्वासाच्या हवेत तर प्रश्न आणखी नाजूक होतो. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त करणारे हॉपकॅलाइट नावाचे मिश्रण ओले झाले की निकामी होते. नळकांड्याच्या आत गंज धरला तर तो हवेतला प्राणवायूच खाऊन टाकतो.

यातली कोणतीही क्रिया अवघड नाही. अवघड आहे ती रोज करणे. तळाची तोटी उघडली नाही तर त्या दिवशी काहीही बिघडत नाही. पाणी वरच्या शोषकात चढते, शोषक मुदतीआधीच भरतो, आणि हवा दिसायला तशीच स्वच्छ राहते. उष्ण आणि दमट हवेत हे सारे अधिक झपाट्याने घडते. थंड देशातल्या उत्पादकाने वहीत लिहून दिलेले तास आपल्याकडच्या जून-जुलैला लागू पडत नाहीत. शोषक त्याहून पुष्कळ आधी बदलावा लागतो. ओलावा दाखवणारे निळे दाणे गुलाबी झाले की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे लागते, आणि पाहणारा माणूस बहुधा कारखान्यातला सर्वांत कमी पगाराचा असतो.

इतिहास सोमेयेचे नाव ठेवतो, पॉपचेही ठेवतो. पाळीच्या सुरुवातीला तोटी उघडून वाटीभर मळकट पाणी बाहेर काढणाऱ्या आणि वहीत तशी नोंद करून सही ठोकणाऱ्या माणसाचे नाव कोणी ठेवीत नाही. 'थ्रेशर'च्या 129 माणसांनंतर मात्र त्या सहीची किंमत काय आहे, हे कोणाला विचारावे लागू नये.